पितळी तोटी

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दोन दिवस आधी घरातल्या समुद्री माशांच्या टँकमधली पहिली गोगलगाय काचेवरून सुटून वाळूवर उलटी पडली. मी हाताने सरळ केली, तर परत कलंडली. अमळनेरला माहेरी जायची बॅग भरायची होती, म्हणून तेवढ्यावर सोडलं. चार दिवसांनी आईला सोबत घेऊन जळगावला परत आले, तेव्हा सातपैकी पाच गोगलगायी मेल्या होत्या. झोअँथिड, म्हणजे फुलांसारखे दिसणारे कोरलचे नातलग, मिटून बसले होते. कोळंबी कात टाकता टाकताच गेली होती, अर्धं अंग जुन्या कवचात अडकलेलं. मासे मात्र ठणठणीत. दोन्ही क्लाउनफिश खायला मागत काचेशी आले.

मासे ठीक आणि बिनकण्याचे जीव मरताहेत, ही खूण मी तेव्हाच ओळखायला हवी होती. ओळखून सगळं निस्तरेपर्यंत श्रावणातला कानबाईचा सण आला. त्या तीन महिन्यांत काय झालं ते लिहून ठेवते आहे. आपल्या खान्देशात खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणारे मोजके आहेत, आणि आपल्या पाण्याचे, आपल्या उन्हाळ्याचे प्रश्न मुंबई-पुण्याच्या लोकांना पडत नाहीत.

मी गेली सोळा वर्षं माती-पाणी परीक्षणाच्या एका प्रयोगशाळेत काम करते. रावेर, यावल, चोपडा इकडची केळीची माती रोज हाताखालून जाते. शेतकरी येतो तो "ताई, केळी पिवळी पडतेय" एवढं सांगत. कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असला की लोहाचा संशय. आम्ही माती डीटीपीए या धातू धरणाऱ्या रसायनाच्या द्रावणात दोन तास हलवतो, गाळतो आणि त्या पाण्यात उतरलेलं लोह, जस्त, मंगल (मँगनीज), तांबं मोजतो. जस्त ०.६ पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत ०.६ भागाच्या, खाली असलं तर कमी. लोह ४.५ च्या खाली असलं तर कमी. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत लोह ढिगाने असतं, पण सामू आठाच्या वर गेला की ते मुळांना मिळत नाही. म्हणून आम्ही मातीत एकूण लोह किती आहे हे बघतच नाही, पिकाला मिळण्याजोगं किती आहे ते बघतो. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

टँक सहा वर्षांपूर्वी घेतला. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. खालच्या फिल्टरच्या टाकीसकट २०० लिटर पाणी. त्यात मश्रूम, झोअँथिड आणि एक लेदर अशी मऊ कोरल (प्रवाळ) आहेत. मुंबईच्या एका छंदी माणसाच्या टँकमध्ये वाढलेले तुकडे मी त्यांच्याकडून आणले. खडक बांधणारी कठीण कोरल वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. ती मी ठेवत नाही, आणि कुणी आणून देतो म्हटलं तरी घेत नाही. क्लाउनफिशही हॅचरीतले आहेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांची टाकीतली पैदास करून दाखवली, तेव्हापासून समुद्रातून पकडलेला मासा घ्यायचं काही कारणच उरलं नाही.

आईने टँक पाहिला होता, पण मला पाणी बनवताना कधी पाहिलं नव्हतं. मी बादलीत समुद्री मिठाचं मिश्रण ओतायला लागले तशी ती दारातूनच म्हणाली, "माय वं, पानीमा मीठ काबरं टाकस? मासा मरी जातीन ना!" हे समुद्रातले मासे आहेत, यांना खारंच पाणी लागतं, असं सांगितलं. तर म्हणाली, मग एवढं महागाचं डबडं कशाला आणतेस, किराण्यातून पाच किलो मीठ आण.

आईच्या या प्रश्नाचं उत्तर मी तिला कागदावर मांडून दाखवलं. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातलं क्लोराइड १९ ग्रॅमच्या वर आणि सोडियम पावणेअकरा, म्हणजे या दोघांचेच तीस ग्रॅम झाले. उरलेल्यात सल्फेट २.७ ग्रॅम, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम ०.४ आणि पोटॅशियमही तेवढंच. मग एकदम खालची पायरी: ब्रोमाइड ६७ मिलिग्रॅम, स्ट्रॉन्शियम ८, बोरॉन साडेचार, फ्लोराइड १.३. त्याच्याही खाली गेलं की मिलिग्रॅम संपतो आणि मायक्रोग्रॅम सुरू होतो. किराण्यातल्या मिठात यातलं सोडियम आणि क्लोराइड तेवढं आहे, शिवाय आयोडीन मिसळलेलं. घरी पोचणाऱ्या मिठात निदान १५ पीपीएम आयोडीन हवं असा आपल्याकडचा नियम आहे. म्हणजे ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम. लिटरला ३५ ग्रॅम मीठ टाकलं तर ५२५ मायक्रोग्रॅम. समुद्रात आयोडीन असतं लिटरला सुमारे ६०. थोडक्यात, कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळपास नाही आणि आयोडीन जवळजवळ नऊपट. आईने कागद दोनदा वाचला आणि मिठाचं डबडं स्वतः उचलून कपाटात वर ठेवलं.

या मोठ्या क्षारांचं एक वैशिष्ट्य मला फार आवडतं. १८७२ ते १८७६ या काळात चॅलेंजर नावाचं जहाज जगभरचे समुद्र फिरलं, आणि तिथून आणलेले पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले. १८८४ मध्ये त्याने निष्कर्ष छापले. पाणी कमीजास्त खारं असेल, पण त्यातल्या मोठ्या क्षारांचं एकमेकांशी प्रमाण सगळीकडे जवळपास सारखं निघालं. आमच्या प्रयोगशाळेत बांधाच्या दोन बाजूंची माती सारखी येत नाही. त्या पार्श्वभूमीवर हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ ते पान उघडं ठेवून बसले होते.

पण सूक्ष्म घटकांना हा नियम लागू नाही. मॉलिब्डेनम लिटरला १० मायक्रोग्रॅम, युरेनियम ३ च्या थोडं वर, व्हॅनेडियम २ च्या आसपास, ही मंडळी बऱ्यापैकी स्थिर. जस्त, लोह, मंगल, कोबाल्ट यांचं तसं नाही. ते जीव ओढून घेतात, मेलेल्या जीवांबरोबर खाली नेतात. म्हणून वरच्या थरात जस्त नावापुरतं आणि खोल पाण्यात जास्त. सरासरी काढली तर जस्त ०.३-०.४ मायक्रोग्रॅम, तांबं ०.२ च्या जवळ, लोह ०.०३ च्या आसपास. मी मातीत ०.६ पीपीएम जस्ताला 'कमी' असा शिक्का मारते. समुद्रातलं जस्त त्याच्या हजारात एक भागाहूनही कमी आहे, आणि तरी तिथलं शेवाळ, कोरल, मासे सगळे त्यावर जगतात. कार्बन डायऑक्साइड हाताळणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराच्या गाभ्यात जस्त असतं, प्रकाशसंश्लेषणात पाणी फोडणाऱ्या यंत्रणेत मंगलचे चार अणू असतात, बी-१२ मध्ये कोबाल्ट. लागतं ते इतकंसं, पण त्याच्यावाचून चालत नाही.

आता माझी चूक सांगते. कोळंबी कात टाकताना मेली की आयोडीन कमी, असं टँकवाल्यांत सर्रास म्हटलं जातं. मीही तेच धरलं. आयोडीनची बाटली होती, ती सुरू केली. जोडीला 'ट्रेस मिक्स'ची, म्हणजे सूक्ष्म घटकांच्या मिश्रणाची, एक बाटली मागवली. लेबलवर बारा घटकांची नावं होती आणि एकाचंही प्रमाण नव्हतं. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या खताच्या पिशवीवर टक्केवारी छापावीच लागते, खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये ते बांधून दिलेलं आहे. शेतकऱ्याने टक्केवारी नसलेली पिशवी दाखवली असती तर मी त्याला परत पाठवलं असतं. "आधी माती तपास, मग टाक" हे वाक्य मी माझ्या सख्ख्या भावालाही ऐकवलं आहे. घरी मात्र डोळ्यांसमोर जीव मरत होते, आणि मी न तपासता दोन आठवडे रोज ओतत राहिले. बाकीचे दोन मश्रूमही आक्रसले. शेवटची गोगलगाय गेली तेव्हा थांबले.

तेव्हा एका संध्याकाळी साहेबांची परवानगी घेऊन टँकचं पाणी प्रयोगशाळेत नेलं. आमच्याकडे अॅटोमिक अॅब्सॉर्प्शनचं मशीन आहे, आम्ही त्याला एएएस म्हणतो. ज्या धातूचा शोध घ्यायचा त्याचा दिवा लावायचा, नमुना अॅसिटिलीनच्या ज्योतीत फवारायचा आणि प्रकाश किती गिळला गेला ते वाचायचं. तांब्याचा दिवा ३२४.८ नॅनोमीटरचा. पाणी ओढायला लावलं आणि मिनिटभरात बर्नरच्या फटीवर पांढरी खपली धरली. ज्योत सोडियमने पिवळीधमक झाली, आकडा वर-खाली नाचायला लागला. पाणी वीस पट पातळ करून पाहिलं तर खपली थांबली, पण तांबंही वीस पट पातळ होऊन मशीनच्या आवाक्याखाली गेलं. बर्नर उतरवून, घासून, आम्लात धुऊन ठेवायला रात्रीचे नऊ वाजले. त्या मशीनवर समुद्राचं पाणी वाचता येत नाही, हे पक्कं झालं.

मग आयसीपी चाचणी करायची ठरवली. त्यात आरगॉन वायूचा प्लाझ्मा असतो, तापमान सहा हजार अंशांच्याही वर. नमुना त्यात गेला की एकेक मूलद्रव्य आपापल्या रंगाचा प्रकाश देतं, आणि एकाच फेरीत तीसहून जास्त मूलद्रव्यं मोजली जातात. मुंबईतल्या एका दुकानदारामार्फत नळ्या परदेशी जातात. नळी टँकच्याच पाण्याने तीनदा विसळायची, हातावर क्रीम-साबण नको, आदल्या दिवशी टँकमध्ये काहीही घालायचं नाही. गुढीपाडव्यापासून सात आठवडे झाले होते तेव्हा मी नमुना काढला. पाडवा का म्हणते, ते पुढे येईल.

चार आठवड्यांनी रिपोर्ट आला. रिपोर्ट वाचणं हा माझा रोजचा धंदा, तरी हात कापत होते. मोठे क्षार जागेवर. आयोडीन १९०, म्हणजे ६० च्या तिप्पट, ती माझ्या बाटलीची करामत. तांबं ३८ मायक्रोग्रॅम. जस्त ७१.

तांबं ३८! माशांच्या अंगावरचे पांढरे ठिपके घालवायला जे औषधाचं तांबं वापरतात ते लिटरला १५०-२०० मायक्रोग्रॅमपर्यंत नेतात. मासे तेवढं सोसतात, म्हणून माझे मासे मजेत होते. गोगलगायी, कोळंबी, कोरल यांना मात्र त्याच्या एका अंशानेही विषबाधा होते. कोळंबीची कात आयोडीनवाचून अडली नव्हती, आणि मी तिच्यासाठी ओतलेल्या मिश्रणात आणखी तांबं-जस्त होतं.

इथे एक गोष्ट जरा सावकाश सांगते, कारण बरेच लोक तिथेच घसरतात. त्याच रिपोर्टात मंगलच्या पुढे शून्य होतं, कोबाल्टच्या पुढे शून्य, लोहाच्या पुढे शून्य. आणि शेजारी लाल बाण: कमी आहे, घाला. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही शून्य लिहीत नाही, 'बीडीएल' लिहितो, म्हणजे मशीनच्या मोजण्याच्या मर्यादेखाली. प्लाझ्माच्या या साध्या मशीनला खाऱ्या पाण्यातलं अर्धा-एक मायक्रोग्रॅमही धड दिसत नाही. खऱ्या समुद्रातलं लोह आहे ०.०३. म्हणजे उद्या कुणी लक्षद्वीपचं निवळशंख पाणी बाटलीत भरून याच मशीनला दिलं, तर लोहापुढे, मंगलपुढे, कोबाल्टपुढे शून्यच येणार. ते शून्य हा आजार नाही. बाण बघून जो बाटली ओततो तो खुद्द समुद्रालाच आजारी ठरवतो. म्हणून मी आता या रिपोर्टचा उपयोग एकाच कामाला करते: काय जास्त झालंय ते शोधायला. कमतरता त्यात फक्त थोड्यांचीच खरी दिसते, स्ट्रॉन्शियम, बोरॉन, पोटॅशियम, आयोडीन असल्यांची, कारण ती मशीनच्या डोळ्याला दिसण्याइतकी असतात.

दुसरं म्हणजे एकूण आणि मिळण्याजोगं. आयसीपी एकूण मोजतं. पाण्यात सेंद्रिय पदार्थ असतात, ते तांब्याला धरून ठेवतात, आणि धरलेलं तांबं मोकळ्या तांब्याइतकं जहरी नसतं. मातीला डीटीपीए आहे, टँकच्या पाण्याला तसं घरगुती काही नाही. त्यामुळे ३८ चा आकडा दोन टँकमध्ये दोन वेगळे परिणाम दाखवू शकतो. माझ्या टँकमध्ये काय दाखवला ते वाळूवर पडलेलं होतं.

आता तांबं आलं कुठून? मी तीन शक्यता मांडल्या. पंपाच्या लोहचुंबकाला चीर गेली असती तर निकेल आणि लोह चढलं असतं. चुंबकावर निकेलचा मुलामा असतो. पोलादी क्लॅम्प गंजला असता तर क्रोमियम दिसलं असतं. दोन्ही जागच्या जागी. चढलेलं फक्त तांबं आणि जस्त, तेही जोडीने, आणि जस्त तांब्याच्या जवळजवळ दुप्पट. बाटलीतल्या मिश्रणाने दोन आठवड्यांत एवढं होणार नाही, आणि गोगलगायी तर बाटली उघडायच्या आधीच मरायला लागल्या होत्या. तांबं अधिक जस्त म्हणजे पितळ. पितळ गळायला लागलं की त्यातलं जस्त आधी सुटतं, म्हणून ते जास्त. मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी रिपोर्ट हातात घेऊन उभी होते. घरात पितळ कुठे? देवघरात. आणि ड्रमवर.

आमच्याकडे वाघूर धरणाचं पाणी रोज येत नाही. त्यामुळे टँकसाठी आरओ आणि पुढे डीआयचं, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणारं, रेझिन लावून काढलेलं शुद्ध पाणी मी १०० लिटरच्या ड्रममध्ये साठवते. त्याची प्लॅस्टिकची तोटी गळत होती. पाडव्याच्या सुमारास बाजारातून चांगली जड पितळी तोटी आणून बसवून घेतली. टिकेल म्हणून.

साधं नळाचं पाणी पितळी तोटीतून पिढ्यान्‌पिढ्या आलं आहे, त्यात क्षार असतात, आतून खपली धरते, धातू झाकला जातो. डीआयच्या पाण्यात काहीच नसतं. असं कोरं पाणी धातूला धरून बसतं आणि थोडं थोडं विरघळवत राहतं. आणि हे टीडीएस मीटरवर कळत नाही! माझा मीटर पूर्ण पीपीएममध्ये वाचतो. ड्रममधून पाणी काढून बुडवला तर तो ० दाखवायचा. साठ मायक्रोग्रॅम म्हणजे ०.०६ पीपीएम, तो त्याला दिसणार कुठून.

साठ हा आकडा असा आला: ड्रमचं पाणी गोडं, त्यात मीठ नाही, म्हणजे ते आमच्या एएएसवर वाचता येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन बाटल्या नेल्या. रात्रभर तोटीत उभं राहिलेलं पहिलं पेलाभर पाणी एकीत, आणि पाच लिटरची बादली भरून ढवळून घेतलेलं दुसरीत. पहिल्या बाटलीत तांबं ०.३१ पीपीएम. बादलीत ०.०६. तोटी उघडायच्या आधी वरून मग बुडवून काढलेल्या पाण्यात बीडीएल. ज्या मशीनने टँकचं पाणी वाचायला नकार दिला होता, त्यानेच चोर दाखवला.

आता आपल्या उन्हाळ्याकडे येते, कारण तोटी एकटी एवढं करू शकली नसती. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ वर जातो. टँकवर पंखा सोडला की कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि टँक तीन-चार अंशांनी थंड राहतो, जसा आपला वाळ्याचा कूलर. पावसाळ्यात हवा दमट झाली की हाच पंखा निकामी. पण त्याची किंमत म्हणजे रोज पाच लिटर पाणी उडून जातं. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागे राहतात, म्हणून भर गोड्या पाण्याने घालायची. रोज पाच लिटर, ६० मायक्रोग्रॅमने ३०० मायक्रोग्रॅम तांबं. ते उडत नाही. आठवड्याला २१०० मायक्रोग्रॅम, २०० लिटरमध्ये वाटलं तर लिटरला साडेदहा. शिवाय दर आठवड्याला वीस लिटर पाणी बदलते तेही त्याच ड्रमचं: आणखी सहा. म्हणजे जीव मरताहेत म्हणून मी पाणी बदलत होते, आणि बदललेल्या पाण्यातून तेच विष आत जात होतं. बदलताना बाहेर गेलेलं दहा टक्के वजा करून सात आठवड्यांचा हिशोब मांडला तर ८६ यायला हवं. रिपोर्टात ३८. बाकीचं दगडांनी, वाळूने, शेवाळाने धरलं होतं.

मुंबईत दमट हवेत टँकमधून याच्या निम्मंही पाणी उडत नसेल. आपल्याकडे उन्हाळ्यात महिन्याला दीडशे लिटर म्हणजे टँकच्या पाऊण पाणी नुसतं भरीचं जातं. त्यामुळे भुसावळ, जळगाव, धुळ्याच्या माणसाने समुद्राच्या मिठावर जेवढा खर्च करायचा त्याच्याआधी भरीच्या गोड्या पाण्याकडे बघावं. नुसत्या आरओचं, रेझिनशिवाय पाणी वापरणारे दोघे-तिघे मला माहीत आहेत. माझ्या बोअरचं पाणी उन्हाळ्यात ९०० टीडीएसच्या पुढे जातं, आरओ त्यातलं ९५ टक्के काढतो, तरी ४५ उरतात, आणि ते ४५ दर लिटरामागे टँकमध्ये साठत जातात. त्यात सिलिकाही असते, मग तपकिरी शेवाळाची तक्रार.

तोटी त्याच दिवशी काढली. ड्रम सायट्रिक आम्लाने धुऊन पुन्हा प्लॅस्टिकची तोटी लावली, खाली वाटी ठेवली, गळली तर गळली. आयोडीन बंद, मिश्रण बंद. टँकच्या खालच्या टाकीत धातू धरणारं रेझिन आणि कोळसा. मग दर चार दिवसांनी पाव टँक बदलायचा. पाव टँक चार वेळा बदलला की शंभरातले बत्तीस उरतात, शून्य होत नाही, शिवाय दगडांनी धरलेलं तांबं हळूहळू परत सुटतं. म्हणून घाई करून उपयोग नव्हता. रेझिनचा रंग पहिल्या आठवड्यात पालटला, दुसऱ्यांदा टाकलेलं अधिक दिवस टिकलं. एक मश्रूम वाचला नाही.

मधल्या काळात पाऊस लागला. हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली आणि दादाने पुलावरून तापीचा व्हिडिओ पाठवला, चहाच्या रंगाचं पाणी. त्याने विचारलं, आपली एवढी माती वाहून जाते, तर समुद्राला लोह कमी कसं पडतं गं? सोळा वर्षं माती तपासणाऱ्या बहिणीला भावाने विचारावा असाच प्रश्न. आपली काळी माती बेसाल्टची, लोहाने भरलेली. तापी ती सुरतेपर्यंत नेते. पण नदीतलं लोह बहुतेक बारीक कणांच्या रूपात तरंगत असतं, आणि खाडीत गोडं पाणी खाऱ्याला भेटलं की ते कण एकमेकांना चिकटून गाळात बसतात. त्यामुळे खोल समुद्रापर्यंत फार थोडं पोचतं. काही मोठ्या समुद्रभागांत तर नायट्रेट-फॉस्फेट भरपूर असूनही शेवाळ वाढत नाही, ते लोहाअभावी. जॉन मार्टिन या शास्त्रज्ञाने हे मांडलं, आणि १९९३ मध्ये विषुववृत्ताजवळच्या पॅसिफिकमध्ये लोह टाकून पाहिलं तेव्हा तिथलं शेवाळ खरंच वाढलं. मिश्रणाच्या बाटलीतलं लोहही माझ्या टँकच्या सव्वाआठ सामूच्या पाण्यात तसंच खाली बसतं, आणि त्यातलं जे थोडं मिळतं ते आधी शेवाळच घेतं. दादाने शेतात फेरस सल्फेट जमिनीतून दिलं होतं आणि ते वाया गेलं होतं, त्यामुळे त्याला हे लगेच पटलं. आता तो चिलेटेड, म्हणजे सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेलं लोह देतो, नाहीतर फवारणीतून.

कानबाईच्या आदल्या रविवारी दुसरी नळी पाठवली. रिपोर्ट आला: तांबं ६, जस्त ९, आयोडीन ७२. मंगल, कोबाल्ट, लोह पुन्हा शून्य, पुन्हा लाल बाण. बाणांवर मी पेनाने बीडीएल लिहिलं आणि कागद फाइलला लावला.

झोअँथिड आता सकाळी दिवा लागल्यावर तासाभरात उघडतात. एका गठ्ठ्यात तीन नवीन तोंडं आली आहेत. लेदरने एकदा वरची मेणचट साल टाकली, त्यानंतर त्याचे बारीक हात बाहेर यायला लागले. गोगलगायी मी अजून आणलेल्या नाहीत. तांबं २ च्या खाली गेल्याशिवाय आणणार नाही. पुढची नळी दिवाळीनंतर. काढलेली तोटी प्रयोगशाळेतल्या माझ्या टेबलावर आहे, आतून गुलाबी पडलेली, जस्त निघून गेल्यावर पितळ पडतं तशी. शुद्ध पाण्याला पितळ चालेल का असं कुणी विचारलं की मी ती उघडून दाखवते.